ट्रस्टचा पैसा, आपली कागदं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, घरातल्या आजारपणासाठी ट्रस्टकडे किंवा फाउंडेशनकडे जायची वेळ आली तेव्हा नेमकं काय अडलं. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून ढीग आलाय. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचं कोडं सुटेल असे प्रश्न निवडलेत. नावं छापत नाहीये, फक्त गाव. उत्तरं नेहमीप्रमाणे मीच देतेय. ट्रस्टच्या हॉस्पिटलात सोशल वर्करच्या टेबलामागे अख्खी नोकरी गेली, त्यामुळे बोलणं थोडं खडूस वाटलं तर चालवून घ्या.

प्रश्न : वडिलांचं वय ६१. अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले, डॉक्टर बायपास करा म्हणतात. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, बाहेर "धर्मादाय" असं ठळक लिहिलंय आणि आत काउंटरवर दीड लाख डिपॉझिट भरा म्हणाले. गरिबांचा बेड विचारला तर फुल आहे म्हणाले. केशरी कार्ड आहे, तीन एकर कोरडवाहू, उत्पन्नाचा दाखला ९० हजाराचा. पूर्ण खर्च देईल असं एखादं फाउंडेशन सुचवा. (जिंतूर, जि. परभणी)

भाऊ, फाउंडेशनचं सांगते, पण शेवटी. तुमच्यासारखे लोक आधी फाउंडेशनचे पत्ते गोळा करत फिरतात, पाच ठिकाणी अर्ज टाकतात, त्यात तीन आठवडे जातात आणि जे कायद्याने आपलंच आहे ते कुणी मागतच नाही.

पहिली गोष्ट, महात्मा फुले जन आरोग्य योजना. बायपास त्यात बसते, कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि केशरी कार्डवाले तर सुरुवातीपासून त्यात आहेत. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, बहुतेक ठिकाणी मेन काउंटरपासून लांब, कुठेतरी जिन्याखाली. ॲडमिट व्हायच्या आधी त्याला भेटायचं. कार्ड, आधार, अँजिओची सीडी आणि रिपोर्ट दाखवले की तो ऑनलाइन मंजुरीला पाठवतो. तुम्ही गेलात ते हॉस्पिटल योजनेत नसेल तर हृदयाचं ऑपरेशन करणारं योजनेतलं दुसरं कुठलं ते १५५३८८ वर फोन करून विचारा, कदाचित पुण्यापर्यंत जायची गरजही पडणार नाही. "याच हॉस्पिटलात करायचंय" हा हट्ट सोडता आला तर निम्मी लढाई तिथेच संपते, हे कुणाला आवडत नाही पण खरंय.

दुसरी गोष्ट, तो "धर्मादाय" बोर्ड. तो शोभेसाठी नाहीये. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ४१ कक नावाचं कलम आहे आणि त्यावरून मुंबई हायकोर्टाच्या आदेशाने २००६ मध्ये एक पक्की स्कीम लागू झाली. ट्रस्टच्या हॉस्पिटलने एकूण बेडपैकी १० टक्के निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत द्यायचे आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. म्हणजे २०० बेडचं हॉस्पिटल असेल तर २० मोफत, २० सवलतीचे. निर्धनची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलची ३ लाख ६० हजार. तुमचा दाखला ९० हजाराचा, म्हणजे तुम्ही सरळ निर्धनमध्ये बसता. यासाठीचा पैसा आभाळातून येत नाही, हॉस्पिटलने बाकीच्या पेशंटच्या एकूण बिलाचे २ टक्के एका वेगळ्या खात्यात टाकायचे असतात, त्याला आयपीएफ म्हणतात, निर्धन रुग्ण निधी. शेजारच्या डिलक्स रूममधल्या माणसाच्या बिलातून तुमच्या वडिलांचा वाटा आधीच बाजूला निघालेला असतो, तेव्हा मागताना मान खाली घालू नका.

आता "फुल आहे" याचं काय करायचं. काउंटरवर वाद घालू नका, तिथल्या पोराच्या हातात काही नसतं. मेडिकल सोशल वर्करला भेटा, आयपीएफचा फॉर्म मागा आणि सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरचं ॲडव्हाइस द्या. बेड खरंच फुल असू शकतात, हृदयाच्या आणि मेंदूच्या वॉर्डात तर नेहमीच गर्दी असते. तसं असेल तर तेच कागदावर लिहून मागा, तारीख-सही-शिक्क्यासकट. लिहून द्या म्हटलं की निम्म्या वेळा बेड निघतो, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय. नाहीच निघाला तर तो कागद घेऊन धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस गाठा, ते पुण्यात आहेच, तिथे तक्रार घेतात आणि कुठल्या हॉस्पिटलात किती राखीव बेड रिकामे आहेत तेही विचारता येतं. राज्यात अशी हॉस्पिटलं चारशेच्या वर आहेत, एकावर अडून बसायचं कारण नाही.

आणि डिपॉझिटचं. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला धर्मादाय हॉस्पिटलने आधी दाखल करून घ्यायचं, जीव स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे, त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही, हे त्याच स्कीममध्ये लिहिलंय. देव करो तशी वेळ न येवो, पण रात्री छातीत दुखायला लागलं तर हे वाक्य पाठ असू द्या.

हे दोन्ही झाल्यावर जे उरतं ना, त्यासाठी फाउंडेशन. गावाहून येण्याजाण्याचं भाडं, सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण, योजनेच्या पॅकेजमध्ये न बसणारी एखादी तपासणी, डिस्चार्जनंतरची औषधं. २०-३० हजारासाठी ट्रस्टवाले लवकर हो म्हणतात. तीन लाखासाठी त्यांची कमिटी महिन्यातून एकदा बसते आणि तोवर पेशंट थांबत नाही.

प्रश्न : मुंबईच्या एका हॉस्पिटलच्या गेटवर एक जण भेटला, म्हणतो सात-आठ ट्रस्टकडून पैसे काढून देतो, फक्त १० टक्के मला आणि फॉर्मचे २ हजार आत्ता. द्यावेत का? (उरण)

नाही. फोटो काढून ठेवा त्याचा, जमलं तर.

कुठलाही नीट चालणारा ट्रस्ट पैसे पेशंटच्या हातात देत नाही, चेक किंवा ट्रान्सफर हॉस्पिटलच्या नावावर जातो, त्यावर पेशंटचं नाव आणि केस नंबर असतो. मग त्यातून १० टक्के कुणाला कसे देणार तुम्ही? म्हणजे ते तुमच्याच खिशातून जाणार. सिद्धिविनायकसारखा देवस्थान ट्रस्ट असो नाहीतर मोठ्या उद्योगसमूहाचा, कागदं साधारण तीच लागतात: डॉक्टरचं एस्टिमेट लेटरहेडवर, सही-शिक्का आणि तारखेसकट, निदानाचे रिपोर्ट, रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, पेशंटचा फोटो आणि कुणाकडून आधी किती मदत मिळाली त्याचा हिशोब. या शेवटच्या गोष्टीत लपवाछपवी करू नका, ट्रस्ट एकमेकांना फोन करतात.

सगळ्यात जास्त अर्ज कुठे परत येतात सांगू? एस्टिमेटवर. शिक्का नाही, किंवा "अंदाजे २ ते ४ लाख" असं मोघम लिहिलंय, किंवा तारीख चार महिन्यांपूर्वीची आहे. चार-पाच ओरिजिनल एस्टिमेट एकदमच करून घ्या, झेरॉक्स बरेच जण घेत नाहीत. आणि अर्ज डिस्चार्जच्या आधी टाका, बिल भरून झाल्यावर परतफेड करणारे ट्रस्ट फार थोडे.

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा आहे, रक्ताचा कॅन्सर. परळच्या टाटात दाखवलंय, उपचाराचं होईल म्हणतात पण महिनोन्महिने मुंबईत राहावं लागेल. आमचं कोणी नाही तिथे. मिस्टर मजुरीला जातात. राहायचं कुठे? (चाळीसगाव)

ताई, घाबरू नका, तुम्ही योग्य ठिकाणी आहात. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आता बरीच मुलं बरी होतात, पण ट्रीटमेंट लांबते, दोन-अडीच वर्षं धरून चाला, त्यातले पहिले काही महिने सगळ्यात कडक. या काळात घरची माणसं थकतात, पैसे संपतात, फुटपाथवर राहून पोराला इन्फेक्शन होतं आणि मग अर्ध्यात उपचार सोडून गावी जातात. पोर औषधाविना नाही, खोलीविना जातं. म्हणून राहण्याची सोय हा ट्रीटमेंटचाच भाग आहे असं समजा आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागे लागा.

हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्क डिपार्टमेंट आहे, फाईल घेऊन तिथे जा. लहान मुलांच्या कॅन्सरसाठी सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्स म्हणून संस्था आहे, २००६ पासून, ती आईवडील आणि मूल यांना उपचार चालू असेपर्यंत मोफत ठेवून घेते. कुटुंबाला स्वतःची जागा, स्वयंपाकघर सामायिक पण ओटा-शेगडी आपली आपली, रेशन मिळतं आणि जेवण आईने स्वतः करायचं. हे मला फार आवडतं, कारण केमोत तोंडाला चव नसलेलं पोर आईच्या हातची खिचडी खातं, कँटीनचं नाही. तिथे थेट जाऊन जागा मिळत नाही, हॉस्पिटलकडूनच नाव जावं लागतं आणि वेटिंग असतं, म्हणून लवकर सांगा. तोवर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटाचे कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं तिथे राहत आलेत, नाममात्र पैशात. हॉस्पिटलची फाईल सोबत ठेवा.

रेल्वेचं विसरू नका. कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरमध्ये तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो, तो दर फेरीला आठवणीने भरून घ्या. मुलांच्या औषधांसाठी टाटामध्येच इम्पॅक्ट फाउंडेशन काम करतं, तेही सोशल वर्करच सांगतील.

जाता जाता एक. तुम्ही ज्या हॉस्पिटलात जाताय तेच मुळात एका ट्रस्टने उभारलेलं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, तुमच्या मुलाला आहे त्याच जातीच्या आजाराने, पुढच्या वर्षी दोराबजीही गेले आणि त्यांनी मागे ठेवलेल्या ट्रस्टच्या पैशातून १९४१ मध्ये हॉस्पिटल उघडलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. ट्रस्टने सुरू करायचं आणि सरकारने पुढे चालवायचं, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. पुढच्या प्रश्नातही तोच येणार आहे.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे, म्हणजे गावातली आरोग्यसेविका. आमच्या भागात एका मोठ्या फाउंडेशनचा प्रोजेक्ट होता, कुपोषणावर. गाडी होती, टॅब दिले, दर महिन्याला शिबिर, पोषण आहाराची पाकिटं. तीन वर्षं झाली आणि एक दिवस सगळं बंद. टॅब पडून आहेत. आता बाया मला विचारतात पाकिटं कुठंय, मी काय सांगू? हे लोक येतातच कशाला? (ता. धारणी, मेळघाट)

तुमचा राग पोचला. आणि तो बरोबर आहे.

आधी तीन वर्षांचं कोडं सांगते, त्यात कुणाचा दुष्टपणा नाही, हिशोब आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं, ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची, म्हणजे आपण ज्याला सीएसआर म्हणतो ते. आता नियमात "चालू प्रकल्प" म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. म्हणून सगळ्यांच्या फायली तीन वर्षांच्याच असतात. कुपोषण काही तीन वर्षांत जात नाही पण एक्सेल शीट संपते. त्यात २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, ज्या संस्थेला बाहेरचा पैसा येतो तिने तो दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही असं झालं. पूर्वी मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था पैसा आणायची आणि तुमच्याकडच्या छोट्या संस्थेला द्यायची, ती नळीच बंद. छोट्या संस्था यात बऱ्याच आटल्या.

पण तुम्ही विचारलंत येतातच कशाला, तर थोडं मागचं सांगते, कारण तुम्ही स्वतः ज्या रजिस्टरवर सही करता ते अशाच एका कामातून आलंय.

तुम्ही बाळंतिणीच्या घरी जाता ना, दवाखान्यात डिलिव्हरी झाली तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध ओढतंय का. ही भेट दिल्लीतल्या ऑफिसात बसून कुणाला सुचलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च ही संस्था काढली. बाळं का मरतात ते बघायला लागले तर कळलं, निम्म्याहून जास्त मरण पहिल्या महिन्यातलं, घरातलं, आणि त्या काळी नवजात बाळाला न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग झाला तर हॉस्पिटलच पाहिजे असं डॉक्टर लोक ठामपणे म्हणायचे. हॉस्पिटल होतं कुठे? मग त्यांनी ३९ गावांतल्या थोडं शिकलेल्या बायकांना शिकवलं, त्यांना आरोग्यदूत म्हणायचे. ताणकाट्याने वजन घेणं, मिनिटभर श्वास मोजणं, बाळ रडलं नाही तर पिशवी-मास्कने श्वास देणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर, आईवडिलांनी हॉस्पिटलात नेलं नाही तर, जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं. इंजेक्शन! गावातल्या बाईने! त्यावरून केवढा गदारोळ झाला असेल विचार करा. शेजारच्या ४७ गावांत हे केलं नव्हतं, तिथे नुसती नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलना केली तर पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ मध्ये हे लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत देशभर घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू केली. इंजेक्शनचा भाग सरकारने आशांकडे दिला नाही, बाकी बरंचसं तेच.

आता हा अभ्यास चालवायला पैसा कुणी दिला? फोर्ड, मॅकआर्थर अशा परदेशी फाउंडेशनांनी. पण तो पैसा गेला कुठे ते बघा, गावातल्या बाईला शिकवण्यात, तिच्या मानधनात, तिच्या मागे दर पंधरवड्याला जाऊन तपासणाऱ्या माणसात, आणि प्रत्येक जन्म-मृत्यूच्या नोंदीत. पाकिटं वाटली असती तर पैसा संपल्यावर पाकिटंही संपली असती.

जामखेडचंही असंच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे गेले, आधी नर्सना गावात ठेवून बघितलं, जमलं नाही, बाहेरच्या बाईवर गाव विश्वास टाकेना. मग गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याचशा दलित, कितीतरी निरक्षर, त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत जायच्या. हळूहळू ज्या घरात त्यांना उंबऱ्याबाहेर पाणी मिळायचं तिथे बाळंतपणाला बोलावणं यायला लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल १९७५ लाच घेतली, आरोळेंना १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. आशा ही कल्पना एका दिवसात सरकारी जीआरमधून पडलेली नाही, तिच्या मागे जामखेडच्या या बायका आहेत, आणि त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी.

तर बायांना काय सांगायचं. खरं सांगा, पैसा संपला, ते गेले. आणि पुढचा प्रोजेक्ट येईल तेव्हा (येणारच, मेळघाटात कुणी ना कुणी येतच असतं) ग्रामसभेत आधी चार गोष्टी विचारा. पैसा किती वर्षांचा आहे. गेल्यावर हे काम कोण करणार, पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, मेडिकल ऑफिसरला त्यात घेतलंय का. गावातली किती माणसं शिकणार. आणि कोरकू बोलणारं कुणी तुमच्या टीममध्ये आहे का. शेवटच्या प्रश्नावर जे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतील त्यांना चहा पाजून परत पाठवा.

टॅबचं म्हणाल तर बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) लेखी कळवा, पडून राहिले तर पुढे चौकशी तुमच्याच नावाने येईल.

प्रश्न : आम्ही मित्र मिळून (काही पुण्यात, दोघे अमेरिकेत) गावाकडच्या आरोग्यासाठी दरवर्षी ५-६ लाख द्यायचं ठरवलंय. दरवर्षी एक मोठं मोफत शिबिर घ्यावं असं चाललंय. बरोबर आहे का? (मूळ गाव ता. आटपाडी, जि. सांगली)

मनापासून कौतुक, आणि आता तुमचा थोडा हिरमोड करते.

शिबिर कशासाठी घेताय यावर आहे सगळं. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, अशा एकदाच ऑपरेशन करून संपणाऱ्या गोष्टींना शिबिर उत्तम. लाइफलाइन एक्सप्रेस ही हॉस्पिटलची ट्रेन १९९१ पासून देशभर फिरते, स्टेशनात थांबून असलीच ऑपरेशनं करते, आणि ते जमतं कारण काम तिथल्या तिथे पुरं होतं. पण तुमच्या शिबिरात बहुतेक बीपी-शुगर तपासणार, १५ दिवसांच्या गोळ्या देणार, बॅनरपुढे फोटो. सोळाव्या दिवशी काय? शुगर तर जन्माची आहे. मी अशा शिबिरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या लोकांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवलेल्या पाहिल्यात, "त्रास झाला की घेतो" म्हणतात. म्हातारी माणसं तर दर शिबिरात नवीन चिठ्ठी घेऊन येतात, तीन रंगाच्या गोळ्या, तिन्ही एकाच औषधाच्या.

त्याच पैशात दुसरं काय होतं बघा. गावातलीच एक बारावी-पास मुलगी किंवा सून घ्या, एखाद्या जुन्या संस्थेकडून तिला शिकवून आणा, वर्षाचं मानधन द्या, बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर द्या आणि तिने दर महिन्याला ठरलेल्या घरी जायचं, औषध घेतलं का बघायचं, संपायच्या आत उपकेंद्रातून आणून द्यायचं. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला पाहिजेत आणि बऱ्याचदा मिळतातही, अडतं ते महिन्याच्या महिन्याला जाण्यावर, कारण एक मजुरी बुडते आणि एसटी वेळेत नसते. मानधन, ट्रेनिंग, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, प्रवास मिळून तुमच्या रकमेत हे बसतं, वर थोडे उरतात, ते आजारी माणसाला तालुक्याला न्यायच्या गाडीभाड्यासाठी ठेवा. फक्त एक अट, निदान पाच वर्षं. एका वर्षासाठी करायचं असेल तर करू नका, धारणीच्या ताईंचं पत्र वर वाचलंतच.

याचे फोटो चांगले येत नाहीत. देणगीदारांचा खरा प्रॉब्लेम तोच असतो, मशीनवर नाव टाकता येतं, पगारावर नाही. डायलिसिसचं मशीन देणारे दहा मिळतात, टेक्निशियनचा पगार द्यायला कुणी नाही, म्हणून झाकून ठेवलेली मशीनं मी बघितलीयेत.

कागदपत्रांचं. नवीन ट्रस्ट काढू नका, कृपा करून. नोंदणी, ऑडिट, दरवर्षीचे रिटर्न यात तुमचा उत्साह दोन वर्षांत संपेल. चालू संस्था शोधा, तिचे ऑडिट झालेले हिशोब मागा आणि गावात जाऊन या, न सांगता. पुण्यातल्यांना देणगीवरची टॅक्स सवलत (८०जी) जुनी टॅक्स पद्धत घेतली असेल तरच मिळेल, रोख २ हजारांच्या वर दिलेत तर तीही नाही. अमेरिकेतल्या दोघांचा पासपोर्ट कुठला ते बघा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाले असतील तर धरतात, मग संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं पाहिजेच. यात "चालतं हो" म्हणणाऱ्या संस्थेपासून लांब राहा, पुढे निस्तरायला तीच संस्था अडचणीत येते.

प्रश्न : हे सगळं सरकारचं काम नाही का? ट्रस्ट आणि फाउंडेशनला डोक्यावर घेतलं की सरकार सुटतं. (नाशिक)

आहेच सरकारचं काम. सुटतं हेही खरं. पण सायनच्या सरकारी, म्हणजे महापालिकेच्या, हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागात आयुष्य घालवलेल्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तिथेच आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली, आणि पुढे १९९९ मध्ये स्नेहा ही संस्था काढली, ती धारावीत काम करते. का काढली असेल? वॉर्डात बाळ नीट करून घरी पाठवायचं आणि ते पुन्हा त्याच गल्लीतून आजारी होऊन यायचं. गल्लीत जायला महापालिकेकडे माणूस नव्हता. संस्थेने तो माणूस उभा केला, आणि पेशंट पाठवला तो परत महापालिकेच्याच हॉस्पिटलात. मला असली संस्था चालते. सरकारी दवाखाना ओस पाडून शेजारी स्वतःचा चकचकीत दवाखाना काढणारी नाही चालत. तुम्ही नगरसेवकाला दवाखान्याबद्दल शेवटचं कधी विचारलंत, तेही कळवा.

थोडक्यात उत्तरं

बार्शी : हो, पांढरं रेशन कार्ड असलं तरी आता महात्मा फुले योजनेत घेतात. नाही म्हणाले तर आरोग्यमित्राकडून कारण लिहून घ्या.

अकोला : धर्मादाय हॉस्पिटलात दुर्बल गटात बसलात तर सगळं मोफत नसतं. बिल सवलतीच्या दराने लागतं आणि औषधं, इम्प्लांट हॉस्पिटलच्या खरेदी भावात, त्यातला निदान अर्धा वाटा तुमचा. एमआरपी लावली असेल तर खरेदीचं बिल दाखवा म्हणा.

म्हापसा, गोवा : आयपीएफची ही स्कीम महाराष्ट्राच्या कायद्यातली आहे, गोव्यातल्या हॉस्पिटलला ती लागू नाही. तुमच्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, त्याचं कार्ड आधी काढा.

हिंगोली : तहसीलला उत्पन्नाचा दाखला आठ दिवसांत नाही मिळाला तरी पेशंट थांबवू नका. सेतू केंद्राची अर्जाची पावती आणि रेशन कार्ड घेऊन सोशल वर्करला भेटा, दाखला नंतर देतो असं लिहून द्या, आणि पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कागद दवाखान्यात हरवतातच.